आत गेल्याची खूण

१

मास्तरांची सकाळ बायकोच्या कमरेपासून सुरू व्हायची. हसू नका, त्यात चावटपणा काही नव्हता. सात वाजता ते चष्मा चढवून तिच्यासमोर स्टुलावर बसत, तिच्या पट्ट्यातला काडेपेटीएवढा औषधाचा पंप पुढे ओढत, शेजारच्या खाचेत नवा सेल बसवत आणि मग जुना काढून घेत. सेल दहा दिवस चालतो असं माहितीच्या कागदावर छापलेलं होतं. मास्तर तो रोज बदलत.

कारण साधं होतं. सेल उतरायला लागला की पंप क्षणभर डुलकी घ्यायचा, आणि जागा झाला की नुकताच डोस दिलाय हे साफ विसरून आणखी एक द्यायचा. गेल्या गुरुवारी तसंच झालं. बाईसाहेब (मास्तर बायकोला बाईसाहेब म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू) शिवणयंत्रावर बसल्या बसल्या कोसळल्या. मास्तर घरात होते म्हणून वाचल्या. बरं, पंप काढून ठेवावा तर अर्ध्या तासात ओठ पांढरे पडतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असली गत.

आणि यातली खरी खोच अशी, की त्या पंपाच्या पोटातला प्रोग्राम लिहिणारे मास्तरच होते. नोकरीच ती त्यांची. ऑफिसात ते दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढत, म्हणून तर नाव मास्तर पडलं. स्वतःच्या हातची चूक मात्र ते रोज सकाळी बायकोच्या कमरेला बांधत होते, आणि हे त्यांना दिवसातून शंभरदा आठवे.

चूक आता सापडली होती. दुरुस्ती लिहूनही झाली होती, अवघ्या अकरा ओळींची. ती यंत्राच्या भाषेत उतरवायची आणि संध्याकाळी पाच वाजता मंजुरीच्या समितीपुढे ठेवायची, एवढंच उरलं होतं. समिती सहा आठवड्यांतून एकदा बसते. आज हुकलं की आणखी सहा आठवडे हा सेलचा खेळ.

"आज होईल ना हो?" बाईसाहेबांनी पट्टा सारखा करत विचारलं.

"अकरा ओळी आहेत गं. होणार नाही तर जाईल कुठे?"

"माझ्या एका बाहीला याहून जास्त टाके पडतात," त्या म्हणाल्या, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन कापड बेतायला बसल्या.

२

प्रोग्राम माणसाच्या लिखाणातून यंत्राच्या भाषेत नेणारा एक दुभाष्या असतो, त्याला कंपायलर म्हणतात. लिखाणात चूक दिसली की तो कुरकुर करतो, आणि ती कुरकुर ऐकायची मास्तरांना पंचवीस वर्षांची सवय होती. त्या दिवशी कुरकुर नाही की काही नाही. दुभाष्या स्वतःच आडवा झाला. 'अंतर्गत बिघाड' एवढं म्हणाला आणि बंद पडला.

मास्तरांनी नेहमीचा उपाय केला. फाइल अर्धी कापली, चालवली. कोसळला. उरलेली अर्धी कापली. तरी कोसळला. शेवटी फाइलीत एक रिकामी ओळ तेवढी उरली आणि दुभाष्या त्या रिकाम्या ओळीवरही कोसळला. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"काय मास्तर, आडातच पाणी नाही वाटतं?" मागून वहिनींचा आवाज आला. या वहिनी ऑफिसात प्रत्येक प्रोग्रामची चाचणी घेत, त्यांच्या सहीशिवाय काही पुढे सरकत नसे. त्या कुणाच्या भावाची बायको हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण शिपायापासून मालकापर्यंत सगळे वहिनीच म्हणत. "खुणा काढून बघितल्यात का?"

आता या खुणा म्हणजे काय ते सांगायला हवं. दुभाष्याच्या आधी एक हरकाम्या असतो. तो पन्नास ठिकाणच्या फाइली गोळा करून त्यांचा एक लांबलचक ताव बनवतो, आणि प्रत्येक सांध्यावर एक खूण टाकतो: पुढची ओळ अमुक फाइलीतली, अमुक नंबरची. खुणेच्या शेवटी एक आकडा असतो. एक म्हणजे इथे त्या फाइलीत आत शिरलो. दोन म्हणजे बाहेर आलो. शिंपी कापडावर खडूने रेघा मारतो तसंच हे, कपडा शिवून झाला की त्या कोणी बघत नाही.

मास्तरांनी सगळ्या खुणा पुसून ताव दुभाष्याला दिला. एका दमात झालं काम.

"झालं की," ते म्हणाले.

"झालं काय? बिनखुणांचा प्रोग्राम मंजूर होत नाही, माहीत आहे ना? उद्या पंप बिघडला तर कुठल्या ओळीवर बिघडला हे तो सांगणार कसं? चार वाजता मला खुणांसकट पाहिजे."

बरोबर होतं त्यांचं. वहिनींचं नेहमीच बरोबर असे, तोच तर त्रास होता.

३

मग मास्तरांनी सगळा ताव कागदावर छापून घेतला आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. आत शिरल्याची प्रत्येक खूण तिच्या बाहेर येण्याच्या खुणेला रेघेने जोडायची, बस. किचकट पण सोपं काम. अकरा वाजेपर्यंत रेघा मारून झाल्या. आत गेल्याच्या खुणा तीनशे अकरा निघाल्या, बाहेर आल्याच्या तीनशे दहा.

एक जोडी अर्धी होती. तावाच्या साधारण मध्यावर कोणीतरी कुठेतरी आत शिरलं होतं आणि बाहेर आलंच नव्हतं. त्यामुळे त्या खुणेखालचा सगळा मजकूर, मास्तरांच्या हातचा असूनही, दुभाष्याच्या लेखी त्या आतल्या जागेतलाच ठरत होता. शेवटाला पोचला की तो बाहेर पडायला दार शोधत होता. दार सापडत नव्हतं, म्हणून कोसळत होता. बिघाड कळला तेव्हा मास्तरांना बरंच वाटलं, खरं सांगायचं तर.

फाइलीचं नाव होतं 'मधली खोली'. पुढे नंबर नऊ.

असली फाइल त्यांनी कधी पाहिली नव्हती. सगळ्या यंत्रांवर शोधली, कुठेच नव्हती. कोणीतरी चेष्टा केली असणार असं म्हणून त्यांनी हरकाम्याकडून ताव नव्याने बनवून घेतला. खूण होतीच, पण आता ती चाळीस ओळी खाली, त्यांच्या स्वतःच्या फाइलीत आली होती आणि तिचा नंबर चौदा झाला होता. मास्तर उठून शेजारच्या टेबलावरच्या यंत्रावर गेले, तिथे बनवून पाहिला. खूण आणखी खाली, अकरा ओळींच्या दुरुस्तीच्या बरोबर डोक्यावर. नंबर तेवीस.

यंत्र बदललं तर मोजणी पहिल्यापासून सुरू व्हायला हवी, असं त्यांना वाटलं. मग म्हणाले, वाटण्याला काय अर्थ आहे. दोन्ही यंत्रांचा साठा एकच असेल, तिथेच काही नासलं असेल. हे कारण त्यांनी मनात दोनदा घोकलं.

दुपारी जेवायच्या सुट्टीत त्यांनी घरी फोन लावला. बरी आहेस ना, पंप नीट चालतोय ना, वगैरे झालं.

"मी ठणठणीत आहे हो," बाईसाहेब म्हणाल्या. "फक्त शेजाऱ्यांनी काय काम काढलंय कोण जाणे. मशीन थांबवलं की भिंतीतून ठक ठक येतं. सावकाश, कोणी पावलं टाकतंय असं. नऊ झाली, थांबलं. मग थोड्या वेळाने आणखी पाच. मग आणखी नऊ."

"तू मोजलीस?"

"शिवणारी बाई मोजल्याशिवाय राहते का?"

"कुठल्या भिंतीतून?"

"ही आपली. माझ्या मशीनच्या मागची."

मास्तर बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी लाल पेन्सिलीने कागदाच्या कोपऱ्यात बेरीज केली आणि लगेच खोडली. मशीनच्या मागच्या भिंतीपलीकडे शेजारी नव्हते. त्यांचं घर दोन खोल्यांचं, बाहेरची आणि आतली, आणि ती भिंत या दोन खोल्यांच्या मधली होती.

४

दोन वाजले. उपाय कोणत्याही नवशिक्याला सुचला असता. बाहेर आल्याची खूण नसेल तर आपण आपल्या हाताने लिहायची. चांगली रीत म्हणजे आत शिरल्याच्या खुणेच्या लगेच खाली लिहावी, म्हणजे आत गेला तसा बाहेर आला, मध्ये काही सापडायला नको. मास्तरांनी तशीच लिहिली. पण ताव नवा झाला की आतली खूण सरकून बाहेरच्या खुणेच्या खाली जाऊन बसे, आणि आधी बाहेर मग आत असा उलटा कारभार पाहून दुभाष्या पुन्हा आडवा होई. तीनदा लिहिली, तीनदा तेच झालं.

साडेतीनला वहिनी येऊन टेबलाशी उभ्या राहिल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मास्तरांच्या डोळ्यांपुढे गुरुवार आला. शिवणयंत्राच्या पाटीवर टेकलेलं डोकं, आणि पाय तसाच दाबलेला असल्यामुळे बिनकापडाची खाली-वर होत राहिलेली सुई.

त्यांनी बाहेर आल्याची खूण फाइलीच्या अगदी शेवटी, शेवटच्या ओळीखाली लिहिली. आतली खूण कितीही सरकली तरी हिच्या खाली जाणार नव्हती. तीनशे अकरा आत, तीनशे अकरा बाहेर. दुभाष्याने एका दमात काम केलं.

वहिनींनी कागदावरून बोट फिरवलं. "आणि हे मधलं?"

"मधे सगळं आपलंच आहे, वहिनी. माझी दुरुस्ती आहे. प्रत्येक ओळ दहादा वाचलीय."

"पण नाव त्या खोलीचं लागलंय."

"नावाने काय होतंय? बिघाडाच्या नोंदीत मधली खोली असं येईल, आपल्याला कळेल की ते म्हणजे आपलंच. काम तर बरोबर करेल ना?"

काम बरोबर केलं. वहिनींनी चाचणीच्या पंपाचा सेल दोनशे वेळा उतरवला, दोनशे वेळा पंपाने डुलकी घेतली आणि एकदाही दुसरा डोस दिला नाही. त्यांनी सही केली. ही चूक फक्त आमच्या धंद्यातल्या माणसांकडून होते, असं मास्तर पुढे स्वतःशी म्हणत. मेळ बसला की आम्ही उठतो. मध्ये काय अडकलं, कोण अडकलं, ते बघायला थांबत नाही.

५

समितीची मंजुरी मिळाली, पंपात नवा प्रोग्राम गेला आणि बाईसाहेबांच्या गालांवर रंग आला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी राहिलेले चार झगे पुरे केले. मास्तर सात वाजता उठत, चष्मा लावत आणि मग आठवे की सेल बदलायचा नाही. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते कात्रीमुळे. बाईसाहेब आतल्या खोलीतून कात्री आणायला गेल्या. "सापडली," त्यांचा आतून आवाज आला. मग पावलं वाजली. मधल्या दारात भिंतीची जाडी ती काय, एक पाऊल. मास्तरांनी वर्तमानपत्रातून मान वर केली तेव्हा चार पावलं वाजून गेली होती आणि पाचवीला त्या दारात आल्या.

चारच तर पावलं, असं मास्तर म्हणाले. आतल्या खोलीत फिरल्या असतील.

पुढच्या आठवड्यात ती अकरा झाली. त्याच्या पुढच्यात तीस. मास्तर आता मुद्दाम दारासमोर खुर्ची टाकून बसत. समोर आतली खोली स्वच्छ दिसे, खिडकीतलं ऊन, पलंग, त्यावर घडी केलेली चादर. बाईसाहेब दाराकडे यायला निघत, चौकटीत पाय ठेवत आणि पापणी लवते न लवते तोच दिसेनाशा होत. ऊन, पलंग, चादर तिथेच. मग भिंतीच्या जाडीतून चपलांचा आवाज येत राही, आधी लांबून, मग जवळून, आणि शेवटी त्या अलीकडे पाय टाकत, चेहऱ्यावर काही नाही.

"कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? येतच होते की." मग हसून म्हणाल्या, "घर मोठं झाल्यासारखं वाटतं हल्ली. वय झालं, दुसरं काय."

मास्तर स्वतः त्या दारातून दहादा गेले आणि दहादा आले. त्यांना एकच पाऊल लागत होतं. त्यांनी भिंतीची जाडी टेपने मोजली. एक वीत भरली.

बाईसाहेबांना त्यांनी काही सांगितलं नाही. काय सांगणार? पंप उतरवायचा तर ओठ पांढरे, जुना प्रोग्राम घालायचा तर पुन्हा गुरुवार. भीती वाटत होती आणि ती कोणापुढे ओकायची सोय नव्हती. त्यांनी फक्त एक केलं, पलंग बाहेर मावेना म्हणून तो सोडून आतल्या खोलीतलं सगळं सामान हळूहळू बाहेर आणून ठेवलं, म्हणजे तिला आत जायला नको. पण झोपायला तर जावंच लागे, आणि सकाळी उठून यावंच लागे.

आणि एका सकाळी पंचावन्न पावलं मोजून झाल्यावर त्या दारात आल्या, किंचित धापा टाकत, आणि खुर्चीत बसलेल्या मास्तरांना पाहून थबकल्या.

"तुम्ही इथे कसे?" त्या म्हणाल्या. "मघापासून माझ्या मागे चालत होतात ना?"

६

मास्तर ऑफिसात गेले ते थेट टेबलाशी. आता त्यांना कळलं होतं, आणि कळलं ते इतकं सोपं होतं की एखाद्या पोराने बोटांवर मोजावं. ती खूण दिसली त्या दिवशी बाईसाहेब घरी मशीनवर बसल्या होत्या. आत शिरलेलं कोणी दुसरंच होतं. नऊ, चौदा, तेवीस असं ते आत चालत होतं, बाहेरची वाट शोधत. आणि मास्तरांनी त्याला वाट करून दिली. मग बाईसाहेबांच्या पंपाचा प्रोग्रामही त्याच खोलीत टाकला. आता आत दोघं होती आणि बाहेर यायची खूण एकच.

त्यांनी शेवटच्या ओळीखाली बाहेर येण्याची आणखी एक खूण लिहिली. दुभाष्या कोसळला. आत एक आणि बाहेर दोन हे त्याला मान्य नव्हतं. जागा बदलून लिहिली, वेगळ्या यंत्रावर लिहिली. दहा वेळा कोसळला.

"मास्तर, मंजूर झालेल्या प्रोग्रामला कशाला हात लावताय?" वहिनी जवळ येऊन म्हणाल्या. मग चेहरा पाहून हळू आवाजात, "घरी बरं आहे ना?"

"बरं आहे," मास्तर म्हणाले. "एकच जण बाहेर येऊ शकेल असं झालंय, वहिनी."

वहिनींना कळलं नाही, कळण्यासारखं नव्हतंच. पण त्यांनी मास्तरांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. "मग इथे काय करताय? घरी जा."

७

घरी पोचले तेव्हा दुपारचं ऊन बाहेरच्या खोलीत मशीनपर्यंत आलं होतं. सुईखाली कापड अर्धं शिवून तसंच होतं.

"अगं," त्यांनी हाक मारली.

"आलेच हो, जरा पडले होते." आवाज आतल्या खोलीतून आला, नेहमीचा, झोपाळलेला. मग पलंग करकरला, चपला सरकवल्याचा आवाज झाला आणि त्या चौकटीत येऊन दिसेनाशा झाल्या.

मास्तर दारापाशी गेले आणि चौकटीला खांदा लावून उभे राहिले. खोलीकडे सरळ पाहिलं की ऊन आणि पलंग दिसे. पण गाल भिंतीला टेकवून, चौकटीच्या जाडीकडे तिरकं पाहिलं तेव्हा त्यांना क्षणभर दिसलं. तिथे लांबच लांब जमीन होती, राखाडी, सपाट, आणि फार लांब एक छोटीशी बाई चालत येत होती. मान हलली आणि पुन्हा लाकूड दिसायला लागलं.

पावलं वाजत होती. मास्तर मोजायच्या भानगडीत पडले नाहीत. आज ते तिला स्वतः धरून अलीकडे आणणार होते, आणि मग पुन्हा आत पाठवणार नव्हते. झोपायचं तर मशीनशेजारी जमिनीवर झोपू दोघं, जन्मभर. पावलं जवळ आली, अगदी हातभरावर आली, तसा त्यांनी चौकटीत हात घातला.

"हात दे," ते म्हणाले.

हातात हात आला. उबदार, कोरडा. त्यांनी घट्ट धरला, ओढायला पाय रोवले, आणि मग थांबले. हात मोठा होता. त्यांच्या स्वतःच्या हाताएवढा. बोटांवर सुईच्या टोचण्या नव्हत्या.

त्यांनी ओढलं नाही आणि सोडलंही नाही. हात पलीकडून शांतपणे जोर लावत होता, आणि मास्तर सगळा भार टाकून तो आतच रेटून धरत होते. हाक त्यांनी बेताने मारली, तिने घाबरू नये म्हणून. "बाईसाहेब, पाय उचल गं जरा."

"येतेय हो," तिचा आवाज आला, पुष्कळ लांबून. "तुम्ही आज पुढे निघून गेलात होय?"